तापाचं खापर

आमच्या गावात लसीला तोंडावर नाही कुणीच म्हणत नाही. "लेकराला सर्दी हाय, पुढल्या बारीला बघू." "मालक रानात गेलेत." "आत्याबाईला इचारून सांगते." "आज अमावस्या हाय की ताई." एकदा तर "लेकरू मामाच्या गावाला गेलंय" असं एक बाई मला दारातच सांगत होती आणि आत झोळीत लेकरू टाहो फोडत होतं. तिलाही ऐकू येत होतं, मलाही. मी वहीत 'पुढील सत्र' लिहिलं आणि पुढच्या दाराला गेले.

मी आशा कार्यकर्ती आहे, गावात दारोदार जाऊन आरोग्याचं काम करते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव. जमीन हलकी, पाऊस नशिबाचा. निम्मं गाव दिवाळीच्या पुढंमागं कोयता घेऊन ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या सुमारास परत येतं. पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारतं, खेड्यातले लोक लस का घेत नाहीत, अडाणी म्हणून का? मला राग येतो. सुईची भीती असते, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती दुसऱ्या दिवशीच्या तापाची असते. आणि तापाहूनही मोठी भीती असते ती त्या तापाचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार याची. ते बहुतेक वेळा सुनेच्या डोक्यावर फुटतं. म्हणून सून "इचारून सांगते" म्हणते.

एका लेकराचं सांगते, म्हणजे कळेल.

एप्रिल 2022 मध्ये आमच्या भावकीतल्या एका सुनेला मुलगा झाला. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात. तिथंच क्षयाची बीसीजी, पोलिओचा झिरो डोस आणि कावीळ ब ची सुई झाली. तेव्हा घरातलं कुणी काही बोललं नाही. दवाखान्यात जे होतं ते दवाखान्याचं, त्यात घरच्यांचा हात नसतो. महिन्याभरानं दंडावर बीसीजीची पुळी आली, फुटली, खपली धरली. आजीनं हळद लावायला घेतली तेव्हा मी सांगितलं, काही लावू नका, तो व्रण राहणारच. यावर ती हसली. तिनं पदर सारून स्वतःचा दंड दाखवला. देवी काढल्याच्या, म्हणजे देवीरोगाची लस टोचल्याच्या, खुणा होत्या, रुपयाएवढ्या. "आमाला बी काढल्यात की," म्हणाली.

खरा घोळ झाला दीड महिन्याच्या डोसाला. जूनचे दिवस, मृगाच्या पेरणीची घाई. त्या दिवशी सकाळी अंगणवाडीत सिस्टर लसींचा निळा डबा घेऊन आल्या. त्या डब्याचं लोकांना फार कुतूहल असतं. आतले बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढले की लगेच आत घालत नाहीत. आधी बाहेर ठेवतात आणि कानाशी धरून हलवतात. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच डब्यात. लस जशी उन्हानं मरते तशी काही लस गोठूनही मरते, पाच रोगांवरची पेंटा त्यातलीच. बाटलीवर एक गोल असतो, त्यात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर बाटली चालते. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो. गोलाच्या रंगाला आला की बाटली टाकून द्यायची. मी हे येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवते. वाचता येत नसलं तरी फिकं-गडद कुणालाही कळतं.

दीड महिन्याला लेकराला तीन सुया आणि तोंडातून दोन लसी. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची, उजव्या दंडात पोलिओची. पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबावरची रोटा तोंडातून. पेंटामध्ये पाच रोगांची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, म्हणजे मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा जंतू. ताप येतो तो बहुतेक त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळं. सिस्टरनं नियमाप्रमाणं चार गोष्टी सांगितल्या: कोणती लस कशासाठी, आज काय त्रास होऊ शकतो, पुढच्या वेळी कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं. अर्धा तास बसवूनही ठेवलं. पण हे सगळं ऐकलं कुणी? तीन सुया टोचलेलं लेकरू कडेवर किंचाळत असताना त्या पोरीनं. ज्यांनी ऐकायला पाहिजे होतं, ती सासू आणि तो नवरा रानात पेरणीवर होते.

रात्री लेकराला ताप भरला. डावी मांडी टणक झाली. मी पॅरासिटामॉल दिलेलं होतं, ते त्या पोरीनं पाजलंसुद्धा. पण घरात जे व्हायचं ते झालं. सकाळी मी गेले तर आजी ओट्यावरच बसलेली. "चांगलं खेळतं लेकरू नेलं आन् तापवून आणलं. आमच्या पोराला रातभर झोप न्हाई, आज पेरणी अडकली. सांग आता."

मी तिच्या जागी बसून विचार करते तेव्हा तिचं म्हणणं मला वेडं वाटत नाही. आमच्याकडं सुईवर लोकांचा फार विश्वास आहे. बाजारच्या दिवशी तालुक्याला खासगी दवाखान्यांत पाहा, अंग दुखतंय म्हणून सुई, अशक्तपणा आहे म्हणून सलाईन. गोळ्या लिहून दिल्या तर लोक डॉक्टर बदलतात. ताप असताना सुई घेतली की ताप उतरतो, हा त्यांचा रोजचा अनुभव. आणि आम्ही काय सांगतो? लेकरू ठणठणीत असताना सुई द्या, मग त्याला ताप येईल, आणि ते चांगलं आहे. दुखणं नसताना औषध, आणि औषधानं दुखणं! जन्मभराच्या अनुभवाच्या उलटं आहे हे.

जुलैच्या सत्राला ती पोरगी आली नाही. मी गेले तर दाराआडून म्हणाली, "मला नका इचारू ताई." वर बघितलं नाही. तिला मी पुढं ताण दिला नाही. तिच्या हातात काही नव्हतं आणि तिला ठाऊक होतं की मलाही ते ठाऊक आहे.

मग मी तिच्या सासूकडं, आत्याबाईंकडं, जाऊन बसायला लागले. लसीचं न बोलता. त्या तूर निवडायच्या, मीही सुपात हात घालायचे. त्यांच्या बोलण्यातून एकेक निघत गेलं. त्या लहान असताना देवी काढणारे आले की बाया पोरं घेऊन रानात पळायच्या. पुढं 72 च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली. त्यानंतर आणीबाणी. नसबंदीची जीप येतेय म्हटलं की माणसं ज्वारीच्या रानात रात्र काढायची. सरकारी माणूस घरी चालत येऊन तुमच्या भल्याचं सांगायला लागला की सावध व्हायचं, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या जिल्ह्यात तर ऊसतोडणाऱ्या किती बायांच्या पिशव्या कमी वयात काढून टाकल्या, ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. असल्या भागात 'लसीनं मूल होत नाही' ही अफवा आली की ती हवेत उडून जात नाही, तिला धरायला जागा असते.

एके दिवशी त्यांनी स्वतःच्या लेकराचं सांगितलं. दुसरी मुलगी, दोन वर्षांची. गोवर निघाला. गोवर म्हणजे देवाचं. दाराला लिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली, बाहेरच्या बाईची सावली पडू दिली नाही. औषध द्यायचं नाही, देव कोपतो. "छाती अशी उडायली व्हती," त्यांनी हाताचा तळवा वरखाली करून दाखवला. "डोळे चिकटले. चौथ्या रोजी गेली. देवाचं व्हतं, देवानं नेलं."

न्यूमोनिया. गोवरात लेकरं बहुतेक त्यानंच जातात, नाहीतर जुलाबानं. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात, गैरसमज दूर करा. पण 'ते देवाचं नव्हतं आत्याबाई' असं मी म्हटलं असतं तर काय झालं असतं? पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या त्या पोरीच्या मरणाचं खापर त्यांच्याच माथी आलं असतं. देवानं नेलं म्हणूनच त्या आजवर उभ्या आहेत. त्यांच्याकडून ते काढून घ्यायचा मला काय अधिकार? आजही एखाद्या घरात गोवर निघाला तर मी लिंबाचा पाला काढायला सांगत नाही. पाला राहू द्या, फोडणी नका देऊ, पण लेकराला दवाखान्यात न्या आणि अ जीवनसत्त्वाचा डोस द्या. पाल्यानं कुणाचं वाईट होत नाही. दार बंद ठेवल्यानं होतं.

मध्येच कोरोनाचं सांगून टाकते, कारण 2022 मध्ये दारोदार जाताना त्याचा हिशेब मलाच द्यावा लागत होता. 2021 मध्ये आम्ही लोकांना सांगितलं, दुसरा डोस 28 दिवसांनी. मग सहा ते आठ आठवडे झाले. मग मे महिन्यात 84 दिवस. त्यामागं कारणं असतील, पण पारावर एक म्हातारे मला म्हणाले, "आधी तुमचं ठरू द्या पोरी, मग आमाला टोचा." काय उत्तर द्यायचं? पुढं नोव्हेंबरात तिकडं औरंगाबाद जिल्ह्यात, तेव्हा नाव तेच होतं, कलेक्टरनी हुकूम काढला की एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल नाही. आकडे वाढले म्हणतात. वाढणारच. पण राज्यात कुठंही असा हुकूम निघाला की त्याची बातमी आमच्या पारावर त्याच दिवशी पोचते. रेशनसाठी सुई घेतलेला माणूस पुढच्या सुईला जास्तच घट्ट दार लावतो, हे मी माझ्या गल्लीत बघितलंय. मोठ्यांनी घेतलेल्या त्या लसीचा राग लेकरांच्या लसीवर निघाला. "तुला सुईमागं पैसे भेटत्यात म्हणं," हेही तेव्हाच सुरू झालं. मी सरळ सांगते: भेटतात. पहिल्या वर्षाचे सगळे डोस पूर्ण झाले की एका लेकरामागं शंभर रुपये. आकडा ऐकला की लोकांचा चेहराच पडतो, त्यांना वाटलेलं हजारात असेल.

आता बैलाचं. सप्टेंबर 2022 मध्ये लम्पी आला. जनावरांच्या अंगावर गाठी, ताप, चारा बंद. बाजार बंद झाले. सरकारनं जनावरांना फुकट लस द्यायला सुरुवात केली आणि आमच्या गावात काय गर्दी! उजाडायच्या आत माणसं खोंडं, गाई, बैल घेऊन मारुतीच्या पारापुढं उभी. कुणी पंचांग बघितलं नाही. कुणी "मालक रानात गेलेत" म्हटलं नाही, मालकच तर कासरा धरून उभे होते. आत्याबाईंचे मालक सगळ्यांत पुढं. त्यांची बैलगाडी कारखान्यावर चालते, बैल गेला तर सगळा हंगाम गेला. लस दिल्यावर त्यांचा एक बैल दोन दिवस मलूल झाला, वैरणीला तोंड लावीना. मी मुद्दाम त्यांच्या दारावरून गेले.

"मामंजी, बैलाला ताप आला म्हणं?"

"येतोय तेवढा. डाक्टर म्हणले दोन दिवसांत जिरतो. लस लागू झाली म्हणायचं."

मी काही बोलले नाही. चुलीपाशी बसलेल्या आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, सुनेनं सासूकडं. मग मामंजीच म्हणाले, "आता तू लेकराचं काढणार." सगळेच हसले. मी म्हटलं, काढणार तर आहेच. पण बैलाला तुम्ही स्वतः घेऊन गेलात, ताप येणार हे डॉक्टरनी तुम्हाला सांगितलं, म्हणून तो मलूल झाला तरी घरात कुणी कुणाला बोललं नाही. नातवालाही तुम्हीच घेऊन या.

त्या महिन्याच्या सत्राला मामंजी आले, खांद्यावर उपरणं, कडेवर नातू. पेंटाचा दुसरा डोस. मी सिस्टरना विनंती केली की त्या चार गोष्टी आज यांना सांगा, आणि जरा मोठ्यानं. चौकोन आणि गोलही त्यांना दाखवला. त्यांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि पशुवैद्याच्या बाटलीवर असलं काही नव्हतं म्हणाले. संध्याकाळी मी दोनदा चक्कर टाकली. आत्याबाईंना सगळ्यांसमोर सांगून ठेवलं, "रात्री ताप आला तर शिव्या मला द्या, हिला नाही. मी गल्लीतच आहे." ताप आला, थोडा. सकाळी आत्याबाईंनी मला दोन शिव्या घातल्यासुद्धा, तोंडभरून. सुनेला मात्र कुणी काही बोललं नाही. तिसरा डोस ऑक्टोबरात, गाडी भरायच्या आत उरकला. त्या वेळी ती पोरगी एकटी आली होती.

ही पद्धत मी त्यानंतर सगळीकडं वापरते. डोसाच्या आधी घरातल्या ज्याचं चालतं त्याला सांगायचं, आईला नाही. ताप येऊ शकतो हे आधीच, चारचौघांत बोलून टाकायचं, म्हणजे आला तर तो सांगून आलेला असतो. आणि त्याची जबाबदारी माझ्या नावावर लावून घ्यायची. पहिल्या रात्री चक्कर मारायची. शेवटचं सोपं नाही. या कामाचे कुणी पैसे देत नाही आणि माझ्याही घरी भाकरी थापायच्याच असतात.

हंगाम सुरू झाला आणि कुटुंब सांगलीकडं गेलं. मी लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या ट्रंकेत ठेवायला लावलं, वर तिच्या मोबाइलमध्ये फोटो. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची सुई जानेवारीत यायची होती. तेव्हा ते उसाच्या फडात असणार. ऊसतोडीत दिवस चुकला की खाडा पडतो, उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, कापला जातो. पहाटे अंधारात फडावर जायचं, टनाला दर तेव्हा पावणेतीनशेच्या आतबाहेर, दोघांनी मिळून दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची. त्यात कुणी दवाखाना शोधत बसणार नाही. नोव्हेंबरात मुंबईला, गोवंडीच्या बाजूला, गोवरानं लेकरं दगावल्याच्या बातम्या आल्या. राज्यानं डिसेंबर आणि जानेवारीत गोवराची विशेष मोहीम काढली. तिथल्या सिस्टर कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर, येणार असल्याचं पोरीनंच मला फोनवर सांगितलं. आणि हेही, की टोळी नेणारा मुकादम नको म्हणतोय.

मुकादम आमच्याच गावचा. मी फोन लावला. "ताई, तुमचं बरोबर हाय, पण उद्या लेकराला ताप आला तर बाई फडावर येईना. नवराबायकोचा एक कोयता अर्धा होतो. खाडा कोण भरील?" बघा, इथंही तेच. लसीशी त्याचं भांडण नव्हतंच. मी सांगितलं, ही सुई पेंटासारखी नाही. हिनं ताप आलाच तर आठवड्याभरानं येतो, कधी कधी बारीक पुरळ उठतं, आणि पुष्कळ लेकरांना काहीच होत नाही. उद्याचा दिवस जात नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मंग सगळ्याच पोरांना देऊन टाका म्हणा." टोळीतल्या ज्या ज्या लेकरांची सुई राहिली होती, त्यांना त्या संध्याकाळी मिळाली.

आठ-दहा दिवसांनी पोरीचा फोन. आवाज घाबरलेला. मला वाटलं ताप आला.

"ताई, ताप आलाच न्हाई. ही लस गुणाची नव्हती का?"

मी हसू आवरलं. बैलाच्या वेळचं 'लस लागू झाली' घरात पक्कं बसलं होतं, आता ताप नाही म्हणजे लस खोटी. मग फोनवर समजावत बसले की ताप हा पुरावा नव्हे, ना चांगल्याचा ना वाईटाचा. कुणाला येतो, कुणाला येत नाही, लस दोन्हीकडं काम करते. तिनं "बरं" म्हटलं. पटलं की नाही देव जाणे. कारण पाडव्याला आल्यावर आत्याबाईंनी मला तोच प्रश्न विचारला.

हे झालं ऊसतोड्या घराचं. शिकलेल्या घराचं वेगळं असतं का? आमच्या गावात पुण्याचा एक इंजिनिअर आहे. कोरोनात घरून काम सुरू झालं तेव्हा गावी आला आणि इथंच राहिला. त्याच्या मुलीच्या वेळी त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवला. निसर्गानं दिलेली प्रतिकारशक्ती, कंपन्यांचा धंदा, आणि गोवराच्या लसीनं मुलांना ऑटिझम होतो. इंग्रजीत होता, मला अर्धा कळला. मी आमच्या मेडिकल ऑफिसरना विचारलं. त्यांनी सांगितलं, वेकफिल्ड नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं 1998 मध्ये बारा मुलांवरून तसा पेपर लिहिला होता. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकानं तो 2010 मध्ये मागं घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. पुढं लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला जे सांगितलंय तेच तुम्ही बोलणार." मॅडम म्हणाला. आत्याबाई निदान शिव्या तरी देतात.

पण बोलता बोलता त्याच्या तोंडून एक वाक्य गेलं. "समजा मी दिली आणि काही झालं, तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही." न देता रोग झाला तर ते नशीब, देऊन काही झालं तर ती आपली करणी. हे त्याचं लॅपटॉपवरचं आणि आत्याबाईंचं देवाचं, मला काही फार लांब वाटलं नाही. फरक एवढाच, की त्याला बैल नाही.

त्याच्या बायकोचा मला दुपारी फोन आला. लातूरकडची मुलगी, बीएस्सी झालेली. हळू आवाजात विचारलं, "ताई, पेंटाचा ताप किती दिवस राहतो?" मी म्हटलं, एक, फार तर दोन दिवस. "मांडीवरची गाठ?" ती राहते थोडी जास्त, पण दुखत नाही नंतर, आपोआप विरते. थोडा वेळ गप्प. "मग मी चार दिवस माहेरी जाऊन देऊन येते. तिथं ताप आला तर आई बघेल."

कार्डावर लातूरचा शिक्का आला. मी रजिस्टरला 'बाहेरगावी दिला' असा शेरा मारला आणि पुढची तारीख तिला सांगितली. त्या वेळी तिनं ताप-गाठ काही विचारलं नाही. एसटीला बायांना आता अर्धंच तिकीट आहे आणि लातूरची गाडी सकाळी साडेसातला असते, एवढं मात्र सांगितलं.